पायथॉन स्क्रिप्टची एक्झी करून दुसऱ्याच्या संगणकावर देणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या संगणकावर नीट चालणारी स्क्रिप्ट, पायथॉन म्हणजे काय हेही ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती कशी द्यायची, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक्झी म्हणजे विंडोजवर डबल क्लिकने चालणारी फाइल. उत्तरं मुख्यतः पायइन्स्टॉलर (स्क्रिप्टची एक्झी बांधून देणारं साधन) आणि विंडोज यांना धरून आहेत, कारण बहुतेकांचं काम तिथेच अडतं. मॅक आणि लिनक्स शेवटाकडे आहेत. कमांड आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ती इंग्रजीतूनच करायची.

१. एक्झी केली म्हणजे नेमकं काय होतं? कोड मशीनच्या भाषेत बदलतो का?

नाही. पायइन्स्टॉलर तुमच्या कोडमध्ये कोणती मॉड्यूल इम्पोर्ट केली आहेत ते पाहतो, त्या मॉड्यूलनी पुढे काय इम्पोर्ट केलंय तेही शोधत जातो आणि सापडलेलं सगळं बाइटकोडच्या (पायथॉनला चालवायला सोप्या मधल्या) रूपात, पायथॉनच्या इंटरप्रीटरसकट (कोड चालवणाऱ्या प्रोग्रामसकट) एकत्र बांधतो. त्याला बूटलोडर नावाचा सी भाषेतला छोटा प्रोग्राम जोडलेला असतो. डबल क्लिक केल्यावर आधी बूटलोडर चालतो, तो इंटरप्रीटर उभा करतो आणि मग तुमची स्क्रिप्ट सुरू होते. त्यामुळे एक्झी केल्याने स्क्रिप्टचा वेग वाढत नाही. कोड खरोखर सी मध्ये उतरवून कंपाइल करणारं साधन म्हणजे न्युइटका. त्याला सी कंपायलर लागतो आणि बांधणीला बराच जास्त वेळ जातो.

२. समोरच्या संगणकावर पायथॉन टाकलेलं असावं लागतं का?

नाही, इंटरप्रीटर सोबतच जातो. समोरच्याकडे वेगळ्या आवृत्तीचं पायथॉन आधीपासून असलं तरी दोन्हींचा एकमेकांना त्रास होत नाही.

३. सुरुवात कशी करू?

आधी नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका कामापुरती, लायब्ररींची वेगळी जागा) तयार करा. त्यात स्क्रिप्टला लागणाऱ्या लायब्ररी आणि पायइन्स्टॉलर, एवढंच टाका. स्क्रिप्ट त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये एकदा चालवून बघा आणि मग पायइन्स्टॉलरला तिचं नाव द्या. ‘बिल्ड’ आणि ‘डिस्ट’ असे दोन फोल्डर आणि एक स्पेक फाइल (बांधणीच्या सूचनांची) तयार होते. द्यायचं ते ‘डिस्ट’मध्ये असतं. ‘बिल्ड’मधली एक्झी अर्धवट असते, ती कुणाला पाठवू नका. हा घोळ फार जणांचा होतो.

स्पेक फाइल मात्र जपून ठेवा. पुढच्या वेळी पर्यायांची लांबलचक ओळ पुन्हा टाइप करण्यापेक्षा पायइन्स्टॉलरला थेट स्पेक फाइल द्यायची. फक्त स्क्रिप्टचं नाव देऊन पुन्हा चालवलंत, तर हाताने सुधारलेली स्पेक फाइल नव्याने लिहिली जाते.

४. एकच फाइल करावी की फोल्डर?

सगळ्यांना एकच फाइल हवी असते. माझं मत फोल्डरच्या बाजूने आहे, आणि पायइन्स्टॉलरचा मूळ पर्यायही तोच आहे.

‘वनफाइल’ एक्झी प्रत्येक वेळी उघडताना पोटातलं सगळं सामान टेम्प फोल्डरमध्ये ‘एमईआय’ने सुरू होणाऱ्या नावाच्या फोल्डरात मोकळं करते, तिथून चालते आणि बंद होताना तो फोल्डर पुसते. पांडाज किंवा क्यूटीसारखी जड लायब्ररी आत असेल तर जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर ही वाट बघणं चांगलंच जाणवतं. काहीच उघडत नाही म्हणून लोक पुन्हा पुन्हा क्लिक करतात आणि चार प्रती सुरू होतात. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम जबरदस्तीने बंद केला तर टेम्पमधला फोल्डर तसाच राहतो, आणि असे फोल्डर साठत जातात. अँटिव्हायरसचा संशयही याच प्रकारावर जास्त असतो (प्रश्न १२).

फोल्डर प्रकारात हे काही होत नाही, एक अडचण मात्र आहे. २०२३ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून एक्झी सोडून बाकी सगळं ‘इंटर्नल’ नावाच्या उपफोल्डरात जातं. बाहेर एकटी एक्झी दिसते म्हणून लोक तेवढीच उचलून डेस्कटॉपवर ठेवतात आणि ‘पायथॉन डीएलएल लोड होत नाही’ असा संदेश येतो (डीएलएल म्हणजे प्रोग्रामला लागणारी विंडोजची लायब्ररी फाइल). यावर चांगला उपाय म्हणजे इनो सेटअप हे साधन. ते सगळ्या फोल्डरचा एक इन्स्टॉलर करून देतं आणि डेस्कटॉपवर शॉर्टकटही ठेवतं. म्हणजे घेणाऱ्याला एकच फाइल मिळते आणि प्रोग्रामही झटकन उघडतो. यात तुमचा अर्धा दिवस जाईल, पण घेणाऱ्याचा रोजचा वेळ वाचेल.

५. विंडोजवर बसून मॅकसाठी बांधता येतं का? किंवा उलट?

नाही. विंडोजची एक्झी विंडोजवर, मॅकचं ॲप मॅकवर आणि लिनक्सचं लिनक्सवरच बांधावं लागतं. जवळ मॅक नसेल तर गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्या संगणकांवर आपोआप बांधणी करून देणारी सेवा) तिन्ही प्रणालींची यंत्रं भाड्याशिवाय मिळतात. सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी ही सोय मोफत आहे. लिनक्सवर वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) वापरून विंडोजची एक्झी बांधणारेही आहेत, पण दुसऱ्याला द्यायच्या कामासाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

६. समोर विंडोज ७ किंवा ३२ बिटचा संगणक आहे. चालेल का?

शाळा, पतसंस्था आणि छोट्या दुकानांमधून हा प्रश्न अजून येतो. नियम असा की तुमचं पायथॉन जिथे चालतं तिथेच तुमची एक्झी चालते. विंडोज ७ वर चालणारी शेवटची शाखा ३.८ ची. ३.९ पासून विंडोज ८.१ आणि ३.१३ पासून विंडोज १० लागतं. म्हणजे विंडोज ७ साठी ३.८ वर बांधायला हवं. या शाखेला ऑक्टोबर २०२४ नंतर सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. तिथे ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होणारी डीएलएल नाही असा संदेश आला, तर त्या विंडोजवर युनिव्हर्सल सी रनटाइमचं अपडेट टाकायचं राहिलेलं असतं.

३२ बिटच्या विंडोजसाठी ३२ बिटचं पायथॉन घेऊन वेगळी एक्झी बांधावी लागते. तीच ६४ बिटवरही चालते. मात्र ३२ बिट विंडोजसाठी तयार पॅकेज न देणाऱ्या लायब्ररी वाढत चालल्या आहेत, तेव्हा तुमच्या लायब्ररींचं आधी तपासा.

७. डबल क्लिक केल्यावर काळी खिडकी क्षणभर दिसते आणि जाते. काय चुकलं ते कळणार कसं?

एक्झीवर क्लिक करू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडा, एक्झी त्यात ओढून सोडा आणि एंटर दाबा. चुकीचा संदेश तिथे थांबून राहतो. फोनवर समोरच्याला सांगायलाही हीच पद्धत सर्वांत सोपी आहे.

तुमच्याकडे चालणारी स्क्रिप्ट एक्झीत ‘एक्झिट’ हे नाव ठाऊक नाही म्हणून पडली, तर कारण सोपं आहे. ‘एक्झिट’ आणि ‘क्विट’ ही फंक्शनं साइट नावाच्या मॉड्यूलमधून येतात आणि एक्झीत ते मॉड्यूल आपोआप लोड होत नाही. ‘सिस’ मॉड्यूलमधलं ‘एक्झिट’ वापरा.

८. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येतं, पण ती लायब्ररी माझ्याकडे आहे!

तुमच्याकडे आहे, एक्झीत गेलेली नाही. दोन कारणं असतात. पहिलं, लायब्ररी एका पायथॉनमध्ये आणि पायइन्स्टॉलर दुसऱ्याच पायथॉनमध्ये टाकलेला असतो. तसं असेल तर प्रश्न ३ प्रमाणे नव्याने सुरुवात करा. दुसरं, काही लायब्ररी आपले भाग चालता चालता, नावाच्या स्ट्रिंगवरून लोड करतात. कोड नुसता वाचून ते इम्पोर्ट दिसत नाहीत. अशा मॉड्यूलचं नाव ‘हिडन-इम्पोर्ट’ या पर्यायाने स्वतः द्यायचं.

प्रचलित लायब्ररींसाठी अशा सूचना हुक्सच्या रूपात आधीच लिहिलेल्या आहेत आणि त्यांचं पॅकेज पायइन्स्टॉलरसोबतच येतं. ते अद्ययावत करून पुन्हा बांधा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. तरीही नाही झालं तर ‘बिल्ड’ फोल्डरात ‘वॉर्न’ने सुरू होणारी टेक्स्ट फाइल उघडा. न सापडलेल्या मॉड्यूलची यादी तिथे असते. यादी लांब दिसली तरी घाबरू नका. तिच्यातली बरीच नावं दुसऱ्या प्रणालींसाठीची असतात आणि त्यांच्यावाचून काही अडत नाही.

९. सोबतचा एक्सेलचा नमुना, लोगो किंवा फॉन्ट सापडत नाही.

पायइन्स्टॉलर इम्पोर्ट पाहतो. तुम्ही कोडमध्ये उघडता त्या फाइली त्याला कळत नाहीत. ‘ॲड-डेटा’ने त्या द्यायच्या. एवढं करूनही अडतं, कारण स्क्रिप्ट त्या फाइली ‘चालू फोल्डर’मध्ये शोधते. चालू फोल्डर म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू केला ते ठिकाण, आणि शॉर्टकटवरून सुरू केला तर ते भलतंच असू शकतं. स्क्रिप्टच्या ‘फाइल’ (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) या अंगभूत चलावरून फोल्डर काढा आणि त्यापुढे फाइलचं नाव जोडा. हाच कोड एक्झीतही चालतो आणि साध्या स्क्रिप्टमध्येही.

१०. प्रोग्राममध्ये भरलेली माहिती पुन्हा उघडल्यावर गायब होते.

वनफाइल एक्झीत तुम्ही डेटाबेस किंवा सेटिंगची फाइल प्रश्न ९ मधल्या जागी लिहिताय. ती जागा म्हणजे टेम्पमधला फोल्डर, प्रोग्राम बंद झाला की तो जातो आणि सोबत माहितीही. सोबत दिलेल्या फाइली फक्त वाचायच्या. लिहायचं ते वापरणाऱ्याच्या ‘ॲपडेटा’ किंवा डॉक्युमेंट्समध्ये. एक्झीच्या शेजारी लिहिणंही धोक्याचं आहे, कारण ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामला तिथे लिहिण्याची परवानगी नसते. कुणाची हजेरी, कुणाचे हिशोब आत असतात. एक्झी हातावेगळी करण्यापूर्वी माहिती भरा, बंद करा, उघडा आणि ती आहे ना बघा.

११. काळी खिडकी नको म्हणून ‘नो-कन्सोल’ दिलं, तर प्रोग्रामच बंद पडतो.

कन्सोल (काळी खिडकी) नसलं की ‘एसटीडी-आउट’ आणि ‘एसटीडी-एरर’ हे मजकूर आणि चुका छापण्याचे मार्ग, दोन्ही ‘नन’ (म्हणजे काहीच नाही) होतात. साधं ‘प्रिंट’ अशा वेळी गप्प राहतं, पण प्रगतीची पट्टी दाखवणाऱ्या किंवा थेट त्यावर लिहिणाऱ्या लायब्ररी कोसळतात. कोडच्या अगदी सुरुवातीला, ते ‘नन’ आहेत का हे तपासून त्यांना एखाद्या लॉग फाइलकडे वळवा. पुढे तक्रार आली तर तीच लॉग फाइल मागवता येते. ‘इनपुट’ मात्र अशा एक्झीत चालणार नाही, त्यासाठी खिडकी किंवा डायलॉग करावा लागेल.

१२. अँटिव्हायरस माझ्या एक्झीला व्हायरस म्हणतो. मी तर तीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली आहे!

पायइन्स्टॉलरचा तयार बूटलोडर जगभर सगळ्यांच्या एक्झीत एकसारखा असतो, आणि पायथॉनमध्ये व्हायरस लिहिणारेही तोच वापरतात. त्यांच्या फाइलींवरून अँटिव्हायरस जी खूण शिकतो, ती तुमच्याही फाइलीत दिसते. त्यातून वनफाइल असेल तर ‘टेम्पमध्ये सामान सोडून तिथून चालणारा प्रोग्राम’ हे वागणंही संशयास्पद वाटतं.

आधी फोल्डर प्रकारावर या. यूपीएक्स हे आकार घटवणारं साधन संगणकावर असेल तर ‘नो-यूपीएक्स’ द्या, कारण यूपीएक्सने दाबलेल्या फाइलींवर संशय वाढतो आणि कधीकधी डीएलएलही बिघडतात. पायइन्स्टॉलरची ताजी आवृत्ती वापरा. तरीही अडलं तर बूटलोडर स्वतःच्या संगणकावर कंपाइल करा, म्हणजे तो इतरांपेक्षा वेगळा होतो. विंडोज डिफेंडर अडवत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर फाइल तपासणीसाठी देता येते. इतर अँटिव्हायरस कंपन्यांकडेही चुकीच्या इशाऱ्यांसाठी अशी सोय असते.

एक गोष्ट कृपा करून करू नका: ‘अँटिव्हायरस बंद करा आणि मग चालवा’ असं समोरच्याला सांगू नका. तुमच्यावर विश्वास ठेवून तो बंद करेल आणि पुन्हा सुरू करायला विसरेल.

१३. ‘विंडोजने तुमच्या पीसीचं रक्षण केलं’ असा निळा पडदा येतो. हे वरचंच का?

नाही, हा स्मार्टस्क्रीन. फाइलीत काही वाईट सापडलं असा त्याचा अर्थ नाही. प्रकाशक अनोळखी आहे आणि ही फाइल फारशा लोकांनी उतरवलेली नाही, इतकंच तो सांगतो. ‘अधिक माहिती’वर टिचकी दिली की ‘तरीही चालवा’ दिसतं. दूरचा उपाय म्हणजे कोड सायनिंग प्रमाणपत्र विकत घेऊन एक्झीवर सही करणं. जून २०२३ पासून अशा प्रमाणपत्राची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते, त्यामुळे खर्च आणि खटपट दोन्ही वाढली आहेत. दहा-वीस ओळखीच्या लोकांसाठीच काम असेल तर निळ्या पडद्याचं चित्र आणि दोन ओळींची सूचना सोबत देणं पुरतं. विकायचं असेल तर सही कराच.

१४. ईमेलने एक्झी जात नाही. पाठवू कशी?

जीमेल एक्झी अडवतं, झिपमध्ये घातली तरीही. ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या किंवा पेन ड्राइव्हने द्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या झिपवर विंडोज ‘बाहेरून आलेली’ अशी खूण करतं. झिप सोडवण्याआधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करायला सांगा. आणि झिप नीट एक्स्ट्रॅक्ट करूनच चालवायची हेही सांगा, कारण झिपच्या आतूनच क्लिक करणारे खूप असतात.

१५. छोट्याशा स्क्रिप्टची एक्झी शेकडो एमबीची का होते?

बहुधा अ‍ॅनाकोंडाच्या मुख्य एन्व्हायर्नमेंटमधून बांधली म्हणून. तिथल्या नमपाय या गणिताच्या लायब्ररीसोबत इंटेलची एमकेएल लायब्ररी येते, आणि ती फार जड आहे. प्रश्न ३ प्रमाणे स्वच्छ एन्व्हायर्नमेंट केलं की मोठा फरक पडतो. फक्त एक्सेल वाचायला पांडाज घेतलं असेल तर ओपनपायएक्सेलवर भागतं का बघा. नको ते ‘एक्सक्लूड-मॉड्यूल’ने वगळता येतं, पण वगळल्यावर प्रोग्रामची प्रत्येक वाट पुन्हा चालवून पाहा.

१६. मराठी मजकूर आला की एक्झी पडते किंवा प्रश्नचिन्हं दिसतात.

विंडोजवर एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) न सांगता फाइल उघडली की पायथॉन त्या संगणकाचं स्थानिक एन्कोडिंग धरतं. ते बहुधा सीपी-१२५२ असतं आणि त्यात देवनागरी नाही. प्रत्येक ‘ओपन’मध्ये यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. ‘माझ्याकडे तर चालतं’ यावर जाऊ नका, कारण तुमच्या एडिटरने यूटीएफ-८ चालू करून ठेवलेलं असू शकतं. ती सेटिंग एक्झीसोबत जात नाही. कन्सोलवर छापत असाल तर सुरुवातीलाच ‘एसटीडी-आउट’ही यूटीएफ-८ वर आणा. एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही ‘यूटीएफ-८-सिग’ने लिहा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठीचा कचरा दिसतो.

फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात मराठी असेल तर आणखी एक खाच आहे. ओपनसीव्ही या चित्रांच्या लायब्ररीचं ‘आयएमरीड’ विंडोजवर असा पाथ वाचत नाही आणि चूकही दाखवत नाही, नुसतं ‘नन’ परत देतं. नमपायने फाइलचे बाइट वाचून ते ‘आयएमडिकोड’ला द्या.

१७. प्रशस्तिपत्रकावर नाव छापताना माझ्याकडे जोडाक्षरं बरोबर येतात, दुसऱ्या संगणकावर तुटतात. फॉन्ट तर सोबत दिला आहे.

दोष फॉन्टचा नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेणं, हलंत जोडून जोडाक्षर करणं हे काम पिलो (चित्रावर मजकूर काढणारी लायब्ररी) स्वतः करत नाही, राक्म नावाच्या लायब्ररीकडून करून घेतं. ८.२ या आवृत्तीपासून राक्म पिलोसोबत येते, पण तिला फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी लागते, आणि ती मात्र संगणकावर असली तरच चालू प्रोग्राममध्ये लोड होते. तुमच्या विंडोजवर फ्रिबिडीची डीएलएल कधीतरी, कुठल्यातरी प्रोग्रामसोबत आलेली असते. समोर ती नसते. मग पिलो साध्या मांडणीवर येतं आणि ‘क्षितिजा’सारख्या नावाची मोडतोड होते. चूक कुठेच दिसत नाही.

इम्पोर्टमध्ये ती नसल्यामुळे पायइन्स्टॉलरला ही डीएलएल कळत नाही. ‘ॲड-बायनरी’ने ती बांधलेल्या सामानाच्या मूळ फोल्डरात घाला, आणि बांधलेल्या एक्झीतूनच पिलोच्या ‘फीचर्स’ मॉड्यूलला फ्रिबिडी आहे का ते विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर छापण्याआधीच प्रोग्राम थांबवा. एखाद्या मुलीच्या हातात तिचं नाव तुटलेलं प्रमाणपत्र पडण्यापेक्षा थांबलेला प्रोग्राम बरा.

१८. एक्झी उघडली की तिच्याच प्रती उघडत सुटतात.

कोडमध्ये मल्टिप्रोसेसिंग (एकाच वेळी अनेक प्रोसेस चालवणं) आहे. विंडोजवर नवी प्रोसेस म्हणजे तीच एक्झी पुन्हा सुरू करणं. मुख्य भागाच्या पहिल्याच ओळीत ‘फ्रीझ-सपोर्ट’ला बोलवा. तसं नसेल तर कोडमध्ये ‘सिस’चं ‘एक्झिक्यूटेबल’ वापरून पिप किंवा दुसरी स्क्रिप्ट चालवली आहे का ते शोधा. एक्झीत ते चल पायथॉनकडे नव्हे, तुमच्या एक्झीकडेच बोट दाखवतं.

१९. टेसरॅक्ट किंवा ब्राउझर वापरणारी स्क्रिप्ट समोर चालत नाही.

पायटेसरॅक्ट फक्त निरोप्या आहे. चित्रातला मजकूर वाचण्याचं काम वेगळा टेसरॅक्ट प्रोग्राम करतो, आणि मराठीसाठी त्याला ‘मार’ नावाची भाषेची फाइल लागते. ते दोन्ही सोबत द्या आणि कोडमध्ये त्यांचा पाथ सांगा. ब्राउझर चालवणारं सेलेनियम ४.६ पासून ड्रायव्हर (त्याला ब्राउझरशी जोडणारा प्रोग्राम) स्वतः शोधून उतरवतं, पण त्यासाठी समोर इंटरनेट हवं.

२०. माझा कोड कुणी बाहेर काढू शकेल का? आत पासवर्ड आहे.

काढू शकेल. बाइटकोड वेगळा करणारी साधनं मोफत मिळतात. एन्क्रिप्शनचा पर्याय पायइन्स्टॉलरने सहाव्या आवृत्तीत काढून टाकला, कारण किल्ली त्याच एक्झीत असायची. न्युइटकाने काम अवघड होतं, तरी स्ट्रिंगमधला पासवर्ड सुरक्षित राहत नाही. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली एक्झीत कधीच ठेवू नका. ती आधीच वाटली गेली असेल तर आज बदला.

२१. पाठवण्याआधी तपासू कुठे?

पायथॉन नसलेल्या संगणकावर. विंडोज १० किंवा ११ ची प्रो आवृत्ती असेल तर ‘विंडोज सँडबॉक्स’ चालू करा. प्रत्येक वेळी कोरं विंडोज मिळतं आणि बंद केलं की पुसलं जातं. होम आवृत्तीत ते नाही, तिथे व्हर्च्युअल मशीन किंवा शेजाऱ्याचा लॅपटॉप. प्रश्न ९ आणि १७ मधल्या अडचणी तुमच्या स्वतःच्या संगणकावर बऱ्याचदा दिसतच नाहीत.

२२. मॅकवर ‘ॲप उघडता येत नाही’ असं येतं.

इंटरनेटवरून आलेल्या, ॲपलने नोटराइझ न केलेल्या (तपासून मान्य न केलेल्या) ॲपला गेटकीपर ही मॅकची सुरक्षा व्यवस्था अडवते. नोटराइझ करायला ॲपलच्या डेव्हलपर प्रोग्रामची वर्गणी लागते, वर्षाला ९९ डॉलर. २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून उजव्या क्लिकने उघडण्याची जुनी पळवाटही बंद झाली. आता सिस्टीम सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन परवानगी द्यावी लागते. एम-१ आणि पुढच्या चिपवर बांधलेलं ॲप जुन्या इंटेल मॅकवर चालत नाही. दोन्हींसाठी युनिव्हर्सल पायथॉन आणि तशाच लायब्ररी लागतात.

२३. उबुंटूवर बांधलेलं दुसऱ्या लिनक्सवर ‘जीलिबसी’ची तक्रार करतं.

जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी. ती पायइन्स्टॉलर सोबत घेत नाही. नव्या लिनक्सवर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. म्हणून ज्या सर्वांत जुन्या लिनक्सवर चालायला हवं, त्यावरच, हवं तर डॉकरमध्ये (तशी जुनी प्रणाली स्वतःच्या संगणकात वेगळी चालवणारं साधन), बांधा.

२४. पायइन्स्टॉलरचा परवाना जीपीएल आहे. मग माझा कोड उघडा करावा लागेल का? एक्झी विकता येईल का?

जीपीएल हा कोड उघडा ठेवायला लावणारा परवाना, पण पायइन्स्टॉलरच्या परवान्यात खास अपवाद आहे. बांधलेला प्रोग्राम तुम्ही कोणत्याही अटींवर देऊ शकता, विकूही शकता. अडचण बहुधा आतल्या लायब्ररींची असते. खिडक्या करणारं पायक्यूटी जीपीएल किंवा विकतच्या परवान्याने मिळतं, म्हणून कोड बंद ठेवून विकायचं असेल तर त्याचा परवाना घ्या किंवा एलजीपीएल या सैल परवान्याखाली मिळणारं पायसाइड वापरा. प्रत्येक लायब्ररीचा परवाना वाचा आणि त्या सगळ्यांचा मजकूर एका फाइलीत एक्झीसोबत द्या.